तिसरी रेषा कुठे येणार?

वाशिष्ठीकाठ

परवा २२ जुलै झाली. चिपळूणच्या २०२१ च्या पुराला चार वर्षं. दुपारी पाऊस जरा थांबला तशी दुकानासमोर चार माणसं जमली आणि दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू झाला. एक म्हणाला, जगभरच हवामान बिघडलंय, आपण काय करणार. दुसरा म्हणाला, हवामानबिवामान काही नाही, नदी गाळाने भरली आहे, तो काढा. तिसऱ्याने वरच्या धरणाकडे बोट दाखवलं. चौथा म्हणाला, २००५ लाही आलाच होता की. मी गल्ल्यावर बसून ऐकत होते आणि नजर भिंतीवर होती. म्हणून हा धागा.

आमचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. आतल्या भिंतीवर दोन रेषा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी आधी खडूने ओढली आणि नंतर रंगकाम झालं तेव्हा ऑइलपेंटने पक्की केली. जमिनीपासून चार फूट. वरची आम्ही ओढली नाही, ती चिखलानेच ओढली. सात फूट दोन इंच. वरून रंगाचे दोन हात दिले, तरी पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती तपकिरी कड पुन्हा दिसायला लागते.

२००५ नंतर सासऱ्यांनी दुकानाची सगळी मांडणी बदलली होती. साडेपाच फुटांवर लोखंडी अँगलचा माळा घातला. 'आता आलं तरी माल वाचेल,' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. २०२१ मध्ये २१ तारखेच्या रात्री पावसाचा रंग बघून आम्ही साखर, तांदूळ, डाळी त्या माळ्यावर चढवल्या आणि वरच्या मजल्यावर जाऊन निर्धास्त झोपलो. रात्रीत कुणाकडूनही काही निरोप आला नाही. पहाटे खालून धाडधाड आवाज यायला लागला. फ्रीज पाण्यावर तरंगत होता आणि आतून शटरवर आपटत होता.

पाणी उतरल्यावर शटर कापून आत गेलो. साखरेच्या अकरा पोत्यांच्या जागी अकरा रिकामी पोती एकावर एक बसली होती, घडी घालून ठेवल्यासारखी. तांदूळ फुगून पोती उसवली होती. गुळाच्या ढेपी चिखलात विरघळल्या, तो आंबूस गोड वास महिनाभर गेला नाही. उधारीची वही सापडली, पण सगळी पानं चिकटलेली. सासरे आठवडाभर पंख्याखाली बसून एकेक पान सोडवत होते.

मला वाद जिंकायचा नाही. माझ्या अनुभवात 'हवामानबदल' हा शब्द हात झटकायला वापरला जातो आणि 'गाळ' हा शब्द दुसऱ्याकडे बोट दाखवायला. दोन्ही ऐकून घरी गेल्यावर माझा प्रश्न तसाच राहतो. दुकान पुन्हा नीट बांधायचं आहे, मुलगा मागे लागला आहे. माळा किती उंचावर घालू? तिसरी रेषा कुठे येईल, हे ज्यांना कळतं त्यांनी कृपया लिहावं.

सरळमार्गी

ताई, वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट लिहितो, हवामान कायमच बदलत आलं आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षं चालला असं सांगतात. तेव्हा कुठे मोटारी आणि कारखाने होते? १९७२ चा दुष्काळ आमच्या वडिलांनी खडी फोडत काढला. तेव्हा हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. प्रत्येक आपत्तीला एकच लेबल लावलं की खालचे सगळे मोकळे होतात. नदीपात्र मोकळं करा, काठावरची बांधकामं थांबवा, वेळेवर भोंगा वाजवा. ही साधी कामं न करता जागतिक परिषदांच्या गोष्टी मला पटत नाहीत.

घाटवाट

सरळमार्गी, कामांची यादी मान्य. पण गाळ येतो कुठून, हेही बघायला हवं. मी वीस वर्षं सह्याद्रीच्या या पट्ट्यात फिरतो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्यांनी डोंगर काळे होतात. खाजगी रानं एका झटक्यात तोडून लाकडांचे ट्रक खाली उतरतात. उघड्या उतारावर पहिला पाऊस पडला की ओढ्याचं पाणी चहासारखं लाल होतं. ती माती वाशिष्ठी नदीत येऊन बसते आणि तिची बेटं होतात. नुसतं खाली पोकलेन लावून भागणार नाही.

आणि २२ जुलै म्हटलं की तळियेही आठवतं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड आली. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. तिन्ही जुलैत, तिन्ही अतिवृष्टीत.

जुना_मापारी

वाशिष्ठीकाठताई, मी सरिता मापन केंद्रावर उमेदवारी केली आणि पुढे पाणी मोजण्यातच नोकरी संपवली. पुराच्या रात्री पट्टीवर बॅटरी मारून तासातासाला पातळी वहीत लिहायची, हे आमचं काम. तुमच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. पण तुमच्या दुकानात कुठकुठलं पाणी शिरलं ते सांगू शकतो.

पहिलं आभाळाचं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि तो समुद्र गेल्या काही दशकांत झपाट्याने तापला आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. त्या पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे चार दिवसांत पडायचा तो एका रात्रीत पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. २०२१ च्या त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ते पाणी तुमच्याकडे येत नाही, पश्चिमेला सावित्रीतून महाडकडे आणि पूर्वेला कोयनेत जातं. पण त्या दिवसांत सगळ्या घाटमाथ्यावर काय चाललं होतं, याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

दुसरं पाणी वळवलेलं. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला कृष्णेत जाणारं. वीजनिर्मितीसाठी ते बोगद्यांतून पोफळीकडे उतरवलं जातं, पुढे कोळकेवाडी धरण आणि तिथून वाशिष्ठी. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवायला परवानगी दिली आहे. म्हणजे वाशिष्ठी स्वतःच्या पाण्याबरोबर दुसऱ्या नदीचंही पाणी वाहते. त्या रात्री कोळकेवाडीतून किती पाणी आलं यावर मोठा वाद झाला आणि मी तिथे नव्हतो, म्हणून त्यावर बोलणार नाही. पण अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, किती येतंय हे खालच्या माणसाला तासातासाला कळलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

तिसरं समुद्राचं. चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरती चढते. २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. खाडी भरलेली असली की वरून आलेलं पाणी तुंबतं आणि बाजारात पसरतं. समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणजे हे तुंबणं पुढे वाढणार.

चौथा गाळ. त्यावर घाटवाट यांनी लिहिलंच आहे.

आता सांगा, यातलं एक नाव कसं निवडायचं? चारही पाणी एकाच दरवाजातून आत आलं. पावसाचा जोर वाढला असेल तर नदीचं पात्र पूर्वीपेक्षा जास्त मोकळं हवं, धरणातली जागा जास्त आधी रिकामी व्हायला हवी, निरोप जास्त लवकर पोचायला हवा. हवामानबदल खरा आहे म्हणून गाळाचा प्रश्न मागे पडत नाही. उलट गाळ परवडेनासा होतो.

सरळमार्गी

मापारीकाका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण तापमान वाढतंय ते माणसामुळेच, सूर्यामुळे नाही, हे कशावरून?

प्रयोगवही

शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून यावर थोडं लिहिते. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. मोजमापं वेगळं सांगतात. आपण राहतो तो खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. खाली गोधडी घातली की ऊब खालीच राहते, तसं. हवाई बेटांवर मौना लोआला १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाखांत ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर आहे. त्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, तो कोळसा आणि तेल जाळून आलेला आहे हेही ओळखता येतं. पूर्वीही हवामान बदलत होतं हे खरंच. तेव्हाची कारणं वेगळी होती, आताचं कारण हे आहे. पूर्वी वीज पडून वणवे लागायचे म्हणून आज कुणी काडी लावतच नाही, असं आपण म्हणत नाही ना?

कातळसडा

देवगडहून लिहितो. तुमच्याकडे एका रात्रीत झालं, आमच्याकडे दरवर्षी थोडं थोडं होतंय, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

हापूसला मोहोर येण्यासाठी पावसाने वेळेवर उघडीप द्यावी लागते, जमिनीला ताण बसावा लागतो आणि मग रात्रीची थंडी लागते. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, झाड पालवीवर जातं. डिसेंबरात अवकाळी पडतो, आलेला मोहोर काळा पडतो, तुडतुडे वाढतात. थंडी लांबली की पुन्हा मोहोर येतो आणि वाटाण्याएवढी झालेली पहिली कैरी झाड सोडून देतं. सकाळी बागेत गेलं की पायाखाली ती कैरी कुरकुरते. फवारण्या वाढल्या, औषधांचा खर्च वाढला, पेट्या कमी झाल्या. यंदा तर मे महिन्यातच पाऊस लागला. मुंबईत २६ मे ला मान्सून पोचला, एवढ्या लवकर तो नोंदींत कधी आलेला नाही. आमचा शेवटचा आंबा झाडावरच होता.

विमा हवामान केंद्राच्या नोंदीवर मिळतो. केंद्र महसूल मंडळाच्या गावी, माझी बाग वर कातळाच्या सड्यावर, वारा वेगळा, पाऊस वेगळा. केंद्रावर पाऊस 'पडला नाही' तर माझा मोहोर कुजलेलाच नाही, असा हिशेब होतो.

वडील ८१ वर्षांचे आहेत. पूर्वी वाऱ्याच्या वासावरून फवारणीचा दिवस सांगायचे. गेल्या वर्षी म्हणाले, 'आता हवेचो काय भरवसो नाय.' त्यानंतर त्यांनी सांगणंच सोडलं. मला नुकसानापेक्षा ते जास्त लागलं.

पुस्तकघर

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. १८६४ पासूनचं वाचनालय. २००५ ला पुस्तकं भिजली, लोकांनी मेहनत घेऊन ते पुन्हा उभं केलं, २०२१ ला पुन्हा भिजली. भिजलेलं पुस्तक हातात घेतलं की पानं न सुटता लगदा होऊन येतात. ताई, तुमच्या सासऱ्यांची वही वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. आणि त्या दिवशी एसटीचे आगारप्रमुख नऊ लाखांची रोकड घेऊन सहकाऱ्यांबरोबर गाडीच्या टपावर नऊ तास बसले होते, तेही विसरता येत नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत बॉनजवळ राहतो. मूळ खेडचा, त्यामुळे जगबुडी आणि वाशिष्ठी दोन्ही नद्या माझ्या. २०२१ चा तो जुलै मी दोन्हीकडून पाहिला. इकडे १४ आणि १५ जुलैला आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. आठवड्याने आईचा फोन लागेना.

इथेही हुबेहूब हाच वाद झाला. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दीडेक महिन्यात हिशेब मांडला. तापमानवाढीमुळे तिथला एका दिवसातला असा पाऊस ३ ते १९ टक्क्यांनी जोरदार झाला आणि तो पडण्याची शक्यता १.२ ते ९ पट वाढली, असं त्यांचं उत्तर होतं. आकड्यांमधलं अंतर मोठं आहे आणि ते त्यांनी लपवलं नाही, हे मला आवडलं. पण त्याच वेळी हेही पुढे आलं की पूर्वसूचना दिवसभर आधी हातात होत्या आणि नदीकाठच्या माणसापर्यंत त्या पोचल्या नाहीत. एवढ्या श्रीमंत देशात.

तिसरी गोष्ट ताईंच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. आर नदीवरची नियमित मोजणी दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. पुराचे नकाशे त्या नोंदींवर बेतले होते. १८०४ आणि १९१० ला तिथे भयंकर पूर येऊन गेले होते, पण ते मोजपट्टीच्या आधीचे, म्हणून हिशेबात धरलेच नव्हते. इथे जुन्या घरांच्या दगडांवर पुराची पातळी आणि साल कोरून ठेवायची पद्धत आहे. ते दगड भिंतीत होते, नकाशात नव्हते.

सरळमार्गी

प्रयोगवही, काडीचा मुद्दा समजला, त्यावर वाचेन. पण मग न्यायाचं बोला. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या आसपास. आजवर साचलेल्यात त्यांचा वाटा जवळपास चौथा हिस्सा. साखर ताईंची विरघळली, मोहोर देवगडकरांचा गळला. नुकसानभरपाईच्या निधीवर २०२२ मध्ये शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत एकमत झालं, पुढे बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामांसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करू असं ठरलं, तेही २०३५ पर्यंत. त्यातलं चिपळूणच्या बाजारपेठेत कधी काही पोचणार का? आणि इकडे निळी रेषा, लाल रेषा आखून त्याच माणसाला सांगायचं की तुझं घर पूररेषेत आहे, बांधकामाला परवानगी नाही. हा मला दुहेरी अन्याय वाटतो.

प्रयोगवही

यातल्या पहिल्या भागाशी पूर्ण सहमत. कुणी काडी लावली हे विसरून चालणार नाही.

जुना_मापारी

पूररेषांबद्दल गैरसमज फार आहेत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. लोकांना वाटतं, येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. तसं नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या संसारात तो पूर बघण्याची शक्यता चारातली एक. निळ्या रेषेच्या पुराची तर तीस वर्षांत सत्तर टक्के.

आणि खरी मेख पुढे आहे. हे आकडे मागच्या नोंदींवरून काढतात. मागचा पाऊस जसा होता तसाच पुढचा राहील, हे त्यात गृहीत असतं. पण पावसाची जातच बदलत असेल तर 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ तोच राहत नाही. तुमच्या सासऱ्यांनी माळा साडेपाच फुटांवर घातला, तो त्यांच्या माहितीप्रमाणे बरोबरच होता. चार फुटांवर दीड फूट जास्त ठेवलं होतं. कुठल्याही इंजिनिअरने तेच केलं असतं.

वाशिष्ठीकाठ

काका, शेवटची ओळ मी सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. चार वर्षं ते 'माझाच हिशेब चुकला' असं म्हणत आले आहेत.

सरळमार्गीदादा, पूररेषांविरुद्धच्या निवेदनावर माझीही सही होती. जवळजवळ सगळं गाव रेषेत आलं तर आम्ही जायचं कुठे, ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. गाळ काढण्यासाठी माणसं महिनाभर उपोषणाला बसली, त्यानंतर नदीत यंत्रं उतरली आणि बराच गाळ निघाला. ते आंदोलन बरोबरच होतं आणि ते दरवर्षी करावं लागू नये असं मला वाटतं. पण सही करताना मला वाटलं होतं की रेषा आखणारे आमच्यावर काहीतरी लादताहेत. माझ्या दुकानात तर रेषा आधीच आखलेली होती. मी तिच्यावर रंग देत होते.

आता मला रेषा नको असं म्हणायचं नाही. रेषेच्या आत राहणाऱ्याला खाली मोकळी जागा सोडून वर बांधायची परवानगी आणि त्यासाठी कर्ज मिळावं, हे मागायचं आहे. यावर गावात बोलायला लागले आहे. दोघीतिघी तुटकपणे वागल्या, चालायचंच.

काका, एकच विचारते. मी काय करू शकते?

जुना_मापारी

दोन गोष्टी. वजनाचा माल, मीटर, फ्रीज हे सगळं वरच्या मजल्यावर जाईल अशीच मांडणी करा. माळ्यावर आता विसंबू नका. खाली रोजच्या विक्रीपुरतंच ठेवा.

दुसरी गोष्ट राईनकाठ यांच्या लिहिण्यावरून सुचली. तुमच्या आळीत किती दुकानांत अशा खुणा शिल्लक आहेत? रंग देऊन, फरशा बसवून त्या दरवर्षी पुसल्या जातात. टेपने प्रत्येक खुणेची जमिनीपासूनची उंची घ्या, पण दुकानांच्या जमिनी खालीवर असतात. म्हणून एक पक्का बिंदू धरा, देवळाची पायरी किंवा पुलाचा कठडा चालेल, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तशी प्रत्येक उंबऱ्याची लेव्हल त्या बिंदूशी जुळवा. साल, तारीख, शक्य असेल तर पाणी चढल्याची वेळ. वेळ फार महत्त्वाची आहे, भरतीशी ताडून बघता येते. २००५ आणि २०२१ दोन्हीचं. हे मिळालं तर पूररेषेचा नकाशा तुमच्या गल्लीत कितपत बरोबर आहे, हे मी बसून काढून देईन.

राईनकाठ

आई खेडला आहे. जगबुडीच्या बाजूचं मी ऑगस्टमध्ये आल्यावर करतो.

वाशिष्ठीकाठ

गवंड्याकडून नळी मागून आणली, वीस मीटरची आहे. मुलाने वहीत रकाने पाडले. काल रात्री दुकान बंद केल्यावर पहिल्या तीन दुकानांच्या खुणा घेतल्या. आमची, शेजारच्या कापडवाल्यांची आणि चष्म्याच्या दुकानाची. कापडवाल्यांनी कपाट सरकवलं तर मागे २००५ ची खूण निघाली, त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने वेळ लिहून ठेवली होती. बाकीची आळी रविवारी दुपारी. सासरे म्हणाले आहेत, नळीचं दुसरं टोक मी धरतो.